जुनं फुटेज बघताना नवा अलार्म आला तर? रेकॉर्डर हाताळणाऱ्या नव्या माणसासाठी

एका सोसायटीत घडलेली गोष्ट आधी सांगतो, कारण हा लेख तिच्यामुळेच लिहायला घेतलाय. दुपारची वेळ होती. आदल्या रात्री पार्किंगमध्ये कुणीतरी एका स्कूटरला ठोकून गेलं होतं, म्हणून सेक्रेटरी आणि वॉचमन ऑफिसात बसून रात्रीचं फुटेज बघत होते. चाळीसेक मिनिटं दोघांचेही डोळे स्क्रीनवर. तेवढ्यात मागच्या गेटमधून दोघे जण आत आले आणि पंपघराशेजारी ठेवलेलं तांब्याच्या केबलचं बंडल उचलून घेऊन गेले. मागच्या गेटवर कॅमेरा होता. मोशन डिटेक्शन चालू होतं. रेकॉर्डिंगही झालं, अगदी स्वच्छ. पण ऑफिसात बसलेल्या दोघांना पत्ता नाही, कारण त्यांच्या स्क्रीनवर काल रात्रीचे अडीच वाजलेले होते.

तो रेकॉर्डर मीच बसवला होता. बझर फार वाजतो अशी तक्रार आली, तेव्हा तो बंदही मीच करून दिला होता. त्याऐवजी दुसरी काही सोय करायला हवी, हे तेव्हा सुचलं नाही. ते अजून मनाला लागून राहिलंय. म्हणून जो कुणी नव्याने कॅमेऱ्यांच्या खोलीत बसायला लागलाय, सोसायटीचा सेक्रेटरी झालाय, किंवा दुकानात पहिला डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्र साठवणारा रेकॉर्डर, घेऊन आलाय, त्याच्यासाठी हे सविस्तर लिहितो.

दोन वेगळे प्रश्न

"प्लेबॅकमध्ये, म्हणजे जुनं फुटेज बघताना, अलार्मचं काय होतं?" असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, कुठला अलार्म? आत्ताचा की तेव्हाचा? पहिला प्रश्न असा: मी जुनं बघत बसलोय आणि याच क्षणी नवा अलार्म आला, तर यंत्र काय करतं? दुसरा असा: परवा आलेला अलार्म मी आज शोधतोय, तो सापडतो कसा, आणि सापडला की त्यावर किती विसंबायचं? हे दोन एकमेकांत मिसळले की गोंधळ होतो. आधी पहिला घेऊ.

त्याआधी अलार्म कशाला म्हणायचं तेही सांगतो, कारण रेकॉर्डरच्या भाषेत अलार्म म्हणजे फक्त चोर नव्हे. चित्रात हालचाल झाली की येतो तो मोशनचा अलार्म. दरवाज्याचा मॅग्नेट, पॅनिक बटण असं काही तारेने यंत्राच्या मागच्या कनेक्टरला जोडलेलं असेल, तर त्याचा बाहेरचा अलार्म. रेषा ओलांडली, ठरवलेल्या जागेत माणूस शिरला, हे ओळखणारा स्मार्ट अलार्म. आणि चौथा म्हणजे यंत्राची स्वतःची तक्रार: कॅमेऱ्याचं चित्र गेलं, कॅमेऱ्यावर कुणी फडकं टाकलं, हार्ड डिस्क बिघडली, नेट गेलं. बझर या सगळ्यांना एकच असतो. म्हणून नुसत्या आवाजावरून काय झालंय ते ओळखायला जाऊ नका.

पेटीच्या आत काय चालतं

नव्या माणसाची पहिली भीती अशी असते की मी जुनं बघतोय म्हणजे तेवढा वेळ रेकॉर्डिंग बंद आहे. आजच्या डीव्हीआरमध्ये, किंवा नेटवर्कवरच्या कॅमेऱ्यांसाठीच्या एनव्हीआरमध्ये, तसं होत नाही. कॅमेऱ्याचं चित्र घेणं, ते डिस्कवर लिहिणं, त्यात हालचाल आहे का ते तपासणं, नेटवरून मोबाइलला पाठवणं आणि डिस्कवरचं जुनं वाचून दाखवणं, ही कामं एकाच वेळी शेजारी शेजारी चालू असतात. तुम्ही प्लेबॅक उघडलात म्हणून बाकीची थांबत नाहीत.

ही भीती जुन्या काळातून आली आहे आणि तेव्हा ती खरी होती. टेपच्या जमान्यात टाइम-लॅप्स व्हीसीआर असायचे. एका टेपवर दिवसभराचं मावावं म्हणून ते तुटक तुटक चित्रं घ्यायचे. अलार्म आला की यंत्र पूर्ण वेगाने रेकॉर्ड करू लागायचं आणि टेपवर एक खूण ठेवायचं, म्हणजे नंतर टेप पळवत थेट त्या खुणेवर जाता यायचं. पण टेप एकच. ती बघायची तर रेकॉर्डिंग थांबवून मागे न्यावी लागे, नाहीतर दुसरा व्हीसीआर ठेवावा लागे. बघत असताना काही घडलं तर ते टेपवर येतच नसे. पुढे डिजिटल यंत्रं आली, तेव्हा सुरुवातीला सिम्प्लेक्स, डुप्लेक्स, ट्रिप्लेक्स असे शब्द चालायचे, म्हणजे यंत्र एका वेळी किती कामं करू शकतं त्याचं माप. कुठे फार जुनी पेटी हाताला लागली, तर प्लेबॅक चालू असताना तिचं रेकॉर्डिंग चालू राहतं का ते आधी तपासा. गृहीत धरू नका.

आता मूळ मुद्दा. कामं सगळी चालू राहतात, पण स्क्रीन एकच असते. अलार्म आला की त्या कॅमेऱ्याचं चित्र आपोआप मोठं होऊन समोर येणं, ज्याला कुठे पॉप-अप, कुठे फुल स्क्रीन मॉनिटरिंग म्हणतात, ती मुळात लाइव्ह चित्राची सोय आहे. तुम्ही प्लेबॅकच्या पानावर असलात तर बहुतेक लहान रेकॉर्डर तुम्हाला तिथून उचलून लाइव्हवर नेत नाहीत. त्यामागे कारणही आहे. दहा मिनिटं शोधून तुम्ही एका फ्रेमवर आलात आणि गेटवरून मांजर गेलं म्हणून सगळं बंद होऊन लाइव्ह उघडलं, तर कुठलंच शोधकाम पुरं व्हायचं नाही.

मग अलार्म हरवतो का? नाही. बझर चालू ठेवला असेल तर वाजतो. रिले, म्हणजे यंत्रातला विजेवर चालणारा छोटा स्विच, ओढला जातो आणि त्याला लावलेला हूटर, म्हणजे भोंगा, वाजतो. मोबाइलवर सूचना जाते, मेल जातो. क्लिप डिस्कवर लिहिली जाते, लॉगमध्ये, म्हणजे यंत्राच्या नोंदवहीत, नोंद पडते. समोर येत नाही ते फक्त चित्र. त्या सोसायटीत सगळी भिस्त चित्रावर होती आणि बाकीच्या वाटा बंद होत्या.

उलट बाजूही लक्षात घ्या. जुन्या अलार्मची क्लिप चालवली म्हणून बझर पुन्हा वाजत नाही, हूटर पुन्हा सुरू होत नाही, कुणाच्या मोबाइलवर नवी सूचना जात नाही. यंत्राच्या लेखी ती आता एक फाइल आहे, एवढंच. मात्र कॅमेऱ्याला माइक असेल तर त्या रात्री वाजलेला हूटर क्लिपमध्ये ऐकू येतो. नवीन माणूस इथे हमखास दचकतो. अशा वेळी प्लेबॅक पॉज करा. आवाज थांबला तर तो तेव्हाचा. चालूच राहिला तर तो आत्ताचा, लगेच लाइव्हवर जा.

पहिली पायरी: घड्याळ

बाकी काही करण्याआधी स्क्रीनवरची वेळ हातातल्या मोबाइलशी ताडून बघा. अलार्म म्हणजे शेवटी वेळेची एक खूण. वेळ चुकली की खूण चुकीच्या जागी पडते आणि नंतर शोधणारा भलत्याच तासात शोधत बसतो. वेळेचं सेटिंग उघडून टाइम झोन भारताचा, म्हणजे अधिक ५:३० आहे ना, ते बघा. बरीच यंत्रं चीनमध्ये बनतात, आणि कधी कधी अधिक ८:०० तसंच राहून जातं. मग सगळं अडीच तास पुढे दिसतं. नेट असेल तर एनटीपी, म्हणजे नेटवरून वेळ घेण्याची सोय, चालू करा, यंत्र स्वतःहून वेळ जुळवत राहील. नेट नसेल तर दर महिन्याला एकदा ताडून बघायची सवय लावा. वीज गेल्यावर घड्याळ मागे पडत असेल तर आतली नाण्यासारखी बॅटरी संपलेली असते. ती बदलायला फार खर्च नाही.

एक अपवाद मात्र पक्का ध्यानात ठेवा. काही घडून गेलंय आणि त्याचं फुटेज अजून काढायचंय, तर तोवर घड्याळाला हात लावू नका. आधी फरक किती आहे तो कागदावर लिहा, स्क्रीन आणि मोबाइल शेजारी धरून फोटो काढा, फुटेज काढा, मग वेळ दुरुस्त करा. वेळ मागे नेली की त्याच मिनिटांचं रेकॉर्डिंग दोनदा होतं आणि टाइमलाइनवर घोळ होतो.

दुसरी पायरी: अलार्मला स्क्रीनशिवायच्या वाटा द्या

प्रत्येक अलार्मच्या पानावर "अलार्म आला की काय करायचं" याची यादी असते. हिकव्हिजन कंपनीच्या यंत्रांत तिला लिंकेज म्हणतात. डहुआ आणि सीपी प्लस या कंपन्यांच्या बऱ्याच यंत्रांत त्याच पानावर सरळ टिक करायचे चौकोन असतात. सगळे टिक एकदम लावू नका. एकेका कॅमेऱ्याचा विचार करा.

मागचं गेट, गच्चीचा दरवाजा, मीटर रूम, तिजोरीची खोली अशा जागी, जिथे ठरावीक वेळी कुणी येणंच अपेक्षित नाही, तिथे बझर आणि मोबाइलची सूचना दोन्ही ठेवा. मुख्य गेट, जिना, लिफ्टसमोरची जागा इथे दिवसभर वर्दळ असते. तिथे फक्त रेकॉर्डिंगची खूण पुरे, बझर नको. हा एवढा भेद त्या सोसायटीत केला असता तर बझर बंद करायची वेळच आली नसती.

हिकव्हिजनच्या यंत्रात मोबाइलवर सूचना हवी असेल तर "नोटिफाय सर्व्हेलन्स सेंटर" या चौकोनावर टिक लागते. नाव वाचून कुणालाही वाटेल की हे पोलिसांच्या कंट्रोल रूमसाठी आहे, म्हणून लोक ते सोडून देतात आणि मग मोबाइलवर काही येत नाही म्हणून ॲपला दोष देतात. टिक लावल्यावर मोबाइलच्या ॲपमध्येही त्या यंत्राच्या सूचना चालू कराव्या लागतात. दोन्हीकडे बघा.

हूटर लावायचा असेल तर यंत्रामागच्या अलार्म आउटला थेट २३० व्होल्टची वायर कधीही जोडू नका. तो रिले छोट्या विजेसाठी असतो. १२ व्होल्टचा हूटर लावा, किंवा मध्ये वेगळा रिले घालून घ्या, आणि हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

दुसरा मॉनिटर ठेवता आला तर ठेवा. मोठ्या रेकॉर्डरमध्ये एचडीएमआय आणि व्हीजीए या दोन जोडण्यांवर वेगवेगळी चित्रं दाखवता येतात. एकावर प्लेबॅक, दुसऱ्यावर कायम लाइव्ह, आणि अलार्मचं चित्र कुठल्या मॉनिटरवर यावं तेही ठरवता येतं. ज्या खोलीत माणूस पूर्णवेळ बसतो तिथे यासारखा उपाय नाही. लहान यंत्रांत मात्र दोन्ही जोडण्यांवर एकच चित्र येतं. मग प्लेबॅकचं काम लॅपटॉपवरून किंवा मोबाइलवरून करा आणि रेकॉर्डरची स्क्रीन लाइव्हवरच राहू द्या. खर्च शून्य, आणि मूळ अडचण तिथेच सुटते.

आणि आर्मिंग शेड्यूल, म्हणजे अलार्म कुठल्या तासांत चालू राहणार त्याचं वेळापत्रक, बघा. लिंकेजच्या सगळ्या गोष्टी त्या वेळापत्रकातल्या तासांतच चालतात. दुकान बंद असतानाचाच अलार्म हवा म्हणून कुणीतरी रात्री १० ते सकाळी ८ ठेवलेलं असतं, मग रविवारी दुपारी दुकान बंद असताना अलार्म गप्प. सुट्टीचे दिवस वेगळे भरा.

तिसरी पायरी: खोटे अलार्म कमी करा

ही पायरी लोकांना कंटाळवाणी वाटते, पण मी सर्वांत जास्त वेळ इथेच देतो. दिवसाला दोनशे खोटे अलार्म येणाऱ्या जागी खऱ्या अलार्मकडे कुणी बघत नाही. माणसाचं चुकतं असं नाही. एवढे आवाज ऐकल्यावर कुणाचंही मन बधिर होतं. मग कुणी बझरवर टेप लावतो, कुणी सूचना बंद करतो.

खोटे अलार्म कुठून येतात ते आपल्याकडच्या ऋतूंवरून कळतं. पावसाळ्यात रात्री कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड उजेडात पावसाच्या धारा पांढऱ्या रेघांसारख्या दिसतात, आणि यंत्राला ती हालचाल वाटते. पहिल्या पावसानंतर येणारी पाखरं तशीच. कॅमेऱ्याच्या तोंडाशी कोळ्याचं जाळं असेल तर वाऱ्याने ते हललं की अलार्म. गणपतीत आणि दिवाळीत लुकलुकणाऱ्या माळा लावल्या की रात्रभर टाइमलाइन रंगून जाते. रस्त्यालगतच्या कॅमेऱ्यावर गाड्यांचे हेडलाइट.

उपाय सोपे आहेत. महिन्यातून एकदा कॅमेऱ्याचं तोंड कोरड्या मऊ फडक्याने पुसा, जाळं काढा. मोशनचं क्षेत्र पूर्ण चित्रावर न ठेवता फक्त कामाच्या भागावर आखा. झाड, रस्ता, माळ लावलेली भिंत वगळा. संवेदनशीलता एकेक पायरी खाली आणून दोन रात्री बघा. यंत्र माणूस आणि वाहन ओळखणारं असेल तर तो पर्याय लावा, पाऊस आणि पाखरं बरीचशी गळून पडतात. मात्र सण संपल्यावर क्षेत्र पुन्हा पहिल्यासारखं करायला विसरू नका. दिवाळीसाठी वगळलेली भिंत संक्रांतीपर्यंत तशीच राहिलेली मी पाहिली आहे.

चौथी पायरी: अलार्मच्या आधीचं चित्र जपा

अलार्म आल्यावर रेकॉर्डिंग सुरू झालं तर उशीर झालेला असतो. माणूस आखलेल्या क्षेत्रात शिरतो तेव्हा बहुधा त्याची पाठ दिसते. चेहरा त्याआधीच्या चार पावलांत असतो. म्हणून प्री-रेकॉर्ड. यंत्र शेवटचे काही सेकंद सतत मेमरीत धरून ठेवतं आणि अलार्म आला की तेही क्लिपच्या सुरुवातीला जोडतं. ते जितकं देता येईल तितकं द्या, निदान १० सेकंद. पोस्ट-रेकॉर्ड, म्हणजे हालचाल थांबल्यानंतरचं, ३० सेकंदांच्या आसपास ठेवा.

माझं स्पष्ट मत आहे की जमेल तिथे दिवसभराचं सलग रेकॉर्डिंग ठेवावं आणि अलार्मची खूण त्यावर उमटू द्यावी. फक्त मोशनवर रेकॉर्डिंग ठेवलं की जागा वाचते, पण यंत्राला जे दिसलं नाही ते कायमचं गेलं. जागेचा हिशोब करून बघा: एक कॅमेरा २ एमबीपीएसने, म्हणजे सेकंदाला २ मेगाबिटने, रेकॉर्ड होत असेल तर दिवसाला २१.६ जीबी. असे आठ कॅमेरे म्हणजे दिवसाला सुमारे १७३ जीबी. २ टीबीच्या डिस्कवर साधारण अकरा दिवस, ४ टीबीवर तेवीस. सोसायटीला तेवढं पुरतं. तुमच्या यंत्रात सलग आणि मोशन दोन्ही एकाच वेळेसाठी निवडता येतं का ते रेकॉर्डिंगच्या वेळापत्रकात बघा.

काही यंत्रांत सलग रेकॉर्डिंगसाठी कमी फ्रेम आणि अलार्मच्या वेळी जास्त फ्रेम असं वेगवेगळं ठरवता येतं. जुन्या टाइम-लॅप्सचीच ही कल्पना. प्लेबॅकमध्ये मग चित्र आधी थोडं अडखळत चालतं आणि अलार्मच्या जागी अचानक गुळगुळीत होतं. हा बिघाड समजू नका.

पाचवी पायरी: दोघांनी मिळून चाचणी

सेटिंग करून घरी जाऊ नका. यंत्रापाशी एकाने बसावं आणि कालचं कुठलंही फुटेज प्लेबॅकवर लावावं. दुसऱ्याने मागच्या गेटपाशी जाऊन कॅमेऱ्यासमोरून चालावं, पॅनिक बटण असेल तर दाबावं, दरवाजा उघडावा. बसलेल्याने वहीत लिहायचं: बझर वाजला का, किती सेकंदांनी, हूटर वाजला का, मोबाइलवर सूचना आली का, किती वेळाने, स्क्रीनवर काही आलं का. मग प्लेबॅक बंद करून आजच्या टाइमलाइनवर ती खूण उमटली आहे का ते बघायचं. लगेच दिसली नाही तर पान बंद करून पुन्हा उघडा. टाइमलाइन उघडी असताना नवी खूण तिच्यावर आपोआप येतेच असं नाही.

हीच चाचणी मोबाइलवरून प्लेबॅक चालू ठेवूनही करा. ब्रॉडबँडचा अपलोड वेग कमी असेल तर जुनं फुटेज मोबाइलवर येत असताना सूचना रेंगाळू शकते. आणि पेन ड्राइव्हवर मोठं फुटेज काढणं चालू असतानाही एकदा करा. तेव्हा माणूस यंत्रासमोर बराच वेळ अडकलेला असतो.

दर तीन महिन्यांनी हे पुन्हा करा. फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर, बदलल्यावर, कॅमेरा बदलल्यावर तर नक्कीच.

सहावी पायरी: जुना अलार्म शोधणं

आता दुसरा प्रश्न. परवाच्या अलार्मपर्यंत पोचायचे दोन रस्ते. एक टाइमलाइनचा. दिवस आणि कॅमेरा निवडला की खाली रंगीत पट्टी येते. डहुआच्या मांडणीत हिरवा म्हणजे सलग, पिवळा मोशन, लाल बाहेरचा अलार्म, निळा स्मार्ट. हिकव्हिजनमध्ये निळा सलग आणि लाल अलार्मचा. म्हणजे एका ठिकाणचा निळा दुसऱ्या ठिकाणच्या निळ्याहून अगदी वेगळा. दोन कंपन्यांची यंत्रं असलेल्या ठिकाणी हे रंग कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा. मॉडेलप्रमाणे रंग बदलू शकतात, म्हणून स्क्रीनवरचा खुलासा वाचूनच लिहा.

दुसरा रस्ता घटनांच्या यादीचा. तिथे प्रकार निवडायचा, वेळ द्यायची, आणि यंत्र अलार्मची यादी देतं. एकावर क्लिक केलं की ती क्लिप चालू होते, पुढची बटणाने. रात्रभराचे चाळीस अलार्म बघायचे असतील तर हाच रस्ता. काही यंत्रांत तिसरी सोयही असते: जुन्या चित्रावर चौकोन आखायचा, उदाहरणार्थ फक्त त्या स्कूटरभोवती, आणि तेवढ्या भागात हालचाल झालेले क्षण यंत्र वेचून देतं. स्कूटरला कुणी ठोकलं हे चाळीस मिनिटांऐवजी पाच मिनिटांत कळलं असतं.

यादीतली वेळ आणि क्लिपची सुरुवात यांत काही सेकंदांचा फरक दिसला तर घाबरू नका, तो प्री-रेकॉर्डचा. कुणी छेडछाड केली असा निष्कर्ष काढू नका.

खूण सापडली की तिच्यावरून सरळ बघायला लागू नका. दोन मिनिटं मागे जा आणि तिथून साध्या वेगाने बघा. अलार्म सांगतो की इथे काहीतरी हललं. कोण आलं, कुठून आलं, आधी कुणाशी बोललं, ते मागच्या दोन मिनिटांत असतं. शेजारचे दोन कॅमेरे एकाच वेळी जुळवून लावा. आणि १६ पट वेगाने पळवताना सावध राहा. त्या वेगात बरीच यंत्रं सगळ्या फ्रेम दाखवत नाहीत, मधल्या मधल्याच दाखवतात. दोन सेकंदांत दारातून आत गेलेला माणूस तुमच्या डोळ्यांसमोर येतच नाही. शोधायला ४ पट, बघायला १ पट, हे मी स्वतःसाठी ठरवलेलं माप.

खूण नाही म्हणजे काही घडलं नाही, असं मात्र कधी म्हणू नका. क्षेत्राबाहेरून गेलेला, अंधारात अगदी हळू चाललेला माणूस यंत्राला दिसलेला नसतो. आणि पट्टी पूर्ण रिकामी असेल, तर लॉग उघडा. वीज गेली होती का, कॅमेऱ्याचं चित्र गेलं होतं का, डिस्कने तक्रार केली होती का, कुणी वेळ बदलली का, हे तिथे असतं. बऱ्याच यंत्रांत कुणी कधी प्लेबॅक केलं तेही नोंदलेलं असतं. त्या केबलच्या चोरीच्या वेळी लॉगमध्ये एकाखाली एक ओळी होत्या: आधी प्लेबॅक सुरू, मग मागच्या गेटची हालचाल, मग प्लेबॅक बंद.

सातवी पायरी: सापडलेलं राखून ठेवणं

डिस्क भरली की यंत्र सर्वांत जुनं पुसून त्यावर लिहितं. अलार्मची क्लिप आहे म्हणून ती आपोआप वाचत नाही. म्हणून कामाचं सापडताच ती फाइल लॉक करा, आणि त्याच दिवशी पेन ड्राइव्हवर काढा. शक्य असेल तर यंत्राच्या मूळ स्वरूपात आणि एमपी४ मध्ये, दोन्ही. मूळ स्वरूपातल्या फाइलसोबत तिचा प्लेअरही घ्या, नाहीतर पोलिसांच्या संगणकावर ती उघडणार नाही. मोबाइलने स्क्रीनचं शूटिंग करून व्हॉट्सॲपवर पाठवलेलं फुटेज शोधाशोधीला बरं, पुराव्याला नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे अशा फुटेजसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य लिहावं लागतं. हॅश म्हणजे फाइलच्या आतल्या मजकुरावरून निघणारी आकडे-अक्षरांची ओळ. फाइलमध्ये एक बिंदू बदलला तरी ती बदलते. म्हणून फाइल काढल्या काढल्या हॅश काढून लिहून ठेवा. प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने.

प्रमाणपत्राचं महत्त्व आपल्याच जालन्याच्या एका खटल्यावरून ठळकपणे पुढे आलं. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज ठरलेल्या वेळेत, म्हणजे दुपारी ३ च्या आत दाखल झाले की नाही, हा वाद होता, आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रीकरण पुरावा म्हणून पुढे आलं. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० ला सांगितलं की मूळ यंत्रच हजर केलं नसेल, तर जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब प्रमाणे प्रमाणपत्र अनिवार्य आहे. तिथेही सगळा प्रश्न घड्याळातल्या काही मिनिटांचा होता. पहिल्या पायरीत घड्याळावर मी इतका अडून का बसलो, ते यावरून कळेल.

रोजच्या वापरात

वॉचमनला फक्त लाइव्ह बघता येईल असा लॉगिन द्या, प्लेबॅकचा लॉगिन सेक्रेटरीकडे किंवा सुपरवायझरकडे ठेवा. हा अविश्वास नव्हे. गेटवरच्या माणसाचं काम आत्ताचं बघणं आहे, आणि त्याला तेवढंच काम मोकळेपणाने करू द्यावं. प्लेबॅक करायचं असेल तेव्हा गेटवर दुसरा माणूस आहे का ते आधी विचारायचं, नसेल तर मोबाइलवर बघायचं. काम झालं की स्क्रीन लाइव्हवर परत आली आहे ना ते बघून मगच खुर्ची सोडायची. काही वेळ कुणी हात लावला नाही तर आपोआप बाहेर पडण्याचं सेटिंग यंत्रात असतं, पण प्लेबॅक चालू असताना ते लागू होतंच असं नाही, तेही चाचणीत बघा.

त्या सोसायटीत आता मागच्या गेटचा बझर रात्री १० ते सकाळी ६ आणि दुपारी १ ते ४ चालू असतो, बाकी कॅमेऱ्यांचा बंद. फुटेज सेक्रेटरी आपल्या लॅपटॉपवर बघतात. रेकॉर्डरशेजारी भिंतीवर एक कागद आहे, त्यावर रंगांचे अर्थ, घड्याळ शेवटचं कधी ताडलं ती तारीख, आणि चाचणीची पुढची तारीख. कागद वॉचमनने स्वतःच्या अक्षरात लिहिलाय.